माळ्यावरची मारिओची कॅसेट कोटीत जाते का?

प्रश्न : दादा, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर आमचा जुना टीव्ही गेम सापडला. सोबत दोन रिमोट, बंदूक आणि पिवळ्या कॅसेट, त्यातल्या एकीवर ‘९९९९९९९ इन १’ लिहिलंय. पोरगा म्हणतो मारिओची कॅसेट कोटीत विकली गेली, ही भंगारात टाकू नका. खरंच काय मिळेल का? (विश्रामबाग, सांगली)

पोरगं खोटं बोलत नाहीये. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ची एक कॅसेट लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, म्हणजे तेव्हाच्या भावानं साडेअकरा कोटींच्या वर. पण ती कुठली कॅसेट ते बघा की. कारखान्यातनं आली तशीच, वरचं प्लास्टिक पण न फाडलेली आणि तपासणाऱ्या कंपनीनं १० पैकी ९.८ ग्रेड दिलेली. गेम म्हणून ती दुर्मिळ अजिबात नाही, जगात एक कोटीच्या वर खपलाय तो, पण ती २५ वर्षं न उघडता ठेवणारी पोरं किती असणार सांगा. शिवाय २०२१ ला लॉकडाऊनमुळं सगळ्याच जुन्या गेमांना नुसता ऊत आला होता, त्याच आठवड्यात ‘झेल्डा’ची कॅसेट ८ लाख ७० हजार डॉलरला गेलेली, नंतर ती हवा बरीच उतरली. त्यामुळं ते आकडे डोक्यातनं काढून टाका.

आता तुमच्याकडचं. ते यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ या टीव्ही गेमची (१९८३) नक्कल आहे, नव्वदीत आपल्याकडं घराघरात हेच होतं. त्या सात नव्वांच्या कॅसेटमध्ये गेम असतात मोजकेच, तेच तेच वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू करून मेनू लांबवलेला असतो. खात्री करायची तर कॅसेटचा स्क्रू काढून आत बघा, पाटीवर (सर्किट बोर्डावर) नंबर छापलेल्या वेगळ्या चिपा नसून काळ्या डांबरासारखा एक गोळा दिसला की समजायचं नक्कल. अशा लाखो निघाल्या, त्यामुळं पैसे फारसे येणार नाहीत. भंगारात मात्र घालू नका, चालू यंत्र बंदुकीसकट असेल तर हौशी माणूस घेतो. फक्त ती बंदूक आजच्या एलईडी टीव्हीवर चालत नाही, जुना डबा टीव्हीच लागतो. आणि हो, माळ्यावर परत चढणार असाल तर समुराई कंपनीचा खोका आहे का बघा, त्यांनी आपल्याकडं खरा निन्टेन्डो विकलेला. मिळाला तर आधी फोटो पाठवा.

प्रश्न : जेवढं जुनं तेवढं महाग, असं नसतं का मग? (मिरज)

नसतं. जुनं असून कवडीमोल असलेले गेम ढिगानं आहेत. अटारी कंपनीचा ‘ई.टी.’ घ्या, १९८२ चा, पाच-सहा आठवड्यांत घाईघाईनं बनवलेला आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त छापलेला. तेवढा खपला नाही म्हणून १९८३ मध्ये कंपनीनं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावात कचरा डेपोत ट्रकनं माल नेऊन पुरला. सुटी कॅसेट आजही स्वस्तात मिळते. पण २०१४ मध्ये तो डेपो खणला, हजारभर कॅसेट वर आल्या, त्यात इतर गेम पण होते, आणि नगरपालिकेनं दाखल्यासकट त्या विकायला काढल्या तर ‘ई.टी.’ची एक दीड हजार डॉलरच्या वर गेली. चेपलेली, वास येणारी, कचऱ्यातली! गेम तोच, पण ही त्या खड्ड्यातली आहे याचा कागद सोबत आहे, पैसे त्या कागदाचे.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. ‘स्टेडियम इव्हेंट्स’ नावाचा पळापळीचा गेम बांडाई कंपनीनं १९८७ ला अमेरिकेत आणला, तो पायाखालच्या चटईवर उड्या मारून खेळायचा. निन्टेन्डोला ती चटई आवडली, त्यांनी हक्क घेतले, चटईचं नाव ‘पॉवर पॅड’ केलं, गेमचं पण नाव बदललं आणि जुन्या नावाचा माल दुकानांतनं उचलला. त्याआधी दोनशेच्या आसपास विकल्या गेल्या असं कलेक्टर लोक धरून चालतात. नव्या नावाचा तोच गेम आज किरकोळ भावात, आणि जुन्या नावाचा नुसता रिकामा खोका १० हजार डॉलरला गेलाय. तसंच १९९० च्या ‘निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप’चं, करड्या कॅसेट ९० आणि सोनेरी फक्त २६, दुकानात कधी आल्याच नाहीत.

कमी निघणं एवढंच पुरत नाही पण. कमी निघालेला भिकार गेम कुणालाच नको असेल तर तो पडूनच राहतो. लोकांना लहानपणी खेळलेला हवा असतो, नाहीतर ज्याचं नाव घेतल्यावर दुसरा कलेक्टर जळेल असा. आणि खोका, आतलं माहितीपुस्तक, पुठ्ठ्याचा सांगाडा. आपण आणल्या दिवशी खोका फाडून कॅसेट काढली, म्हणून आज खोक्याला भाव आहे.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमचं गावभागातलं घर पाण्यात होतं. मामांनी दुबईहून आणलेली गेमबॉयची ‘पोकेमॉन गोल्ड’ ओरिजिनल कॅसेट गाळात गेली. धुऊन वाळवून ठेवलीय, कधी चालू होते कधी नाही, सेव्ह तर राहतच नाही. दुरुस्त होईल का, आणि किंमत?

त्या वेळी सांगलीत आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, त्यातनं कॅसेट हाताला लागली हेच खूप. दुरुस्त होण्याची शक्यता बरी आहे, यातल्या चिपा पाण्यानं लगेच मरत नाहीत, वाट लावतो तो आत अडकलेला गाळ. वरनं धुतली तरी तो कवचात राहतो आणि पावसाळा आला की ओल धरतो. म्हणून उघडायलाच लागेल. त्याचा स्क्रू साध्या पेचकसानं निघत नाही, ३.८ एमएमचा गेमबिट लागतो, ऑनलाइन मिळतो. जाळून वितळवलेल्या पेनानं काढायचे उद्योग नकोत, कवचाचं वाटोळं होतं.

आत एक गोल बटण सेल दिसेल. सेव्ह त्याच्यावर टिकतं, आणि ‘गोल्ड’मध्ये घड्याळ पण त्याच्यावरच चालतं म्हणून तो लवकर संपतो. पुराशिवाय पण एव्हाना गेलाच असता. सेलच्या कडेला हिरवं-पांढरं धरलं असेल तर आधी तो काढायचा, मग ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना मऊ ब्रश घेऊन पूर्ण पाटी घासायची, खालच्या सोनेरी पट्ट्या कानकाडीनं पुसायच्या, काडी काळी यायची थांबेपर्यंत. दिवसभर वाळू द्या. नवा सेल पट्ट्या जोडलेला आणा, जुन्यावरचा नंबर बघून तोच, आणि मोबाईल दुरुस्तीवाल्याकडनं डाग देऊन घ्या. साध्या सेलला थेट डाग देऊ देऊ नका, तापून फुटू शकतो.

तोंडानं फुंकर मारायची सवय असेल तर आजपासून बंद. आपण सगळ्यांनी मारली, पण थुंकीची ओल पट्ट्यांवर बसून गंजच वाढतो. चालते ती कॅसेट काढून परत नीट बसवल्यामुळं.

किंमत वरच्या कागदी लेबलवर ठरेल. ते फुगलं, सुटलं असेल तर कलेक्टर कमीच देणार, आणि नवं छापून चिकटवलं तर आणखी कमी, कारण मग नकलीचा संशय येतो. मामांची आहे, ठेवा की.

प्रश्न : ‘पोकेमॉन एमरल्ड’ ६०० रुपयांत नवीकोरी मिळतेय, घेऊ का? मी नववीत आहे. (विटा)

खेळायला घे, ओरिजिनल समजून घेऊ नको. खऱ्या ‘एमरल्ड’चं कवच आरपार दिसणारं हिरवं असतं, खालच्या पट्ट्यांच्या वर पाटीवर निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसतं, आणि लेबल उजेडात तिरपं धरलं की दाबून उठवलेला बारीक आकडा सापडतो. विकणाऱ्याकडं तसा फोटो माग. टाळाटाळ केली तर उत्तर मिळालंच तुला. आणि नकलेत सेव्ह कधी उडेल सांगता येत नाही, शेवटच्या लढाईआधी उडालं की रडू नको.

प्रश्न : पांढरा कन्सोल पिवळा पडलाय, घासून निघेल का? (माधवनगर)

घासून नाही निघणार, तो मळ नाही. आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये ब्रोमिनचं रसायन घालायचे, त्याच्यावर ऊन आणि वर्षं बसली की असं होतं, असं बरेचजण मानतात. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात लोक, उजळतं, पण चट्टे पडू शकतात आणि काही दिवसांनी परत पिवळं पडतं. विकायचा असेल तर तसाच ठेवा, घेणारा ठरवेल.