वाचक विचारतात : पॅरिश कोणता, आणि कोणत्या सालचा?

प्रश्न : एका जुन्या इंग्रजी कबरीवर मृताचे जन्मस्थान ‘व्हॉली पॅरिश, लँकेशायर’ आणि जन्मसाल १८२१ असे कोरले आहे. आजच्या नकाशात व्हॉली लहानसे गाव दिसते, पण तिथल्या चर्चच्या वहीत हे नाव नाही. पुढे कुठे शोधावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पॅरिश म्हणजे गाव असे धरून चालल्याने बहुतेकांचा शोध इथेच अडतो. पॅरिश हे मुळात चर्चचे एकक, वसईत ज्याला धर्मग्राम म्हणतात ते. दक्षिण आणि पूर्व इंग्लंडात ते बहुधा एखाद्या गावापुरते असे. उत्तरेच्या विरळ वस्तीच्या डोंगराळ मुलखात मात्र एका पॅरिशमध्ये कितीतरी गावे मोडत. बर्नली, क्लिदरो, ॲक्रिंग्टन ही आजची शहरे जुन्या व्हॉली पॅरिशमध्येच होती. अशा पोटविभागांना टाऊनशिप म्हणत. मुख्य चर्च लांब पडे म्हणून ठिकठिकाणी उपचर्चे होती आणि बाप्तिस्म्याच्या वह्या तिथेही ठेवल्या जात.

म्हणून आता उपचर्चांच्या वह्या एकेक करून पाहा. १८१३ पासून वह्या छापील नमुन्यात आहेत. त्यांत आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण आणि वडिलांचा धंदा असे रकाने असल्याने टाऊनशिप लगेच कळते. पान फाटले किंवा भिजले असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नक्कल मागवा. कुटुंब मेथडिस्ट किंवा बाप्टिस्ट असेल तर या वह्यांत नाव नसण्याचीच शक्यता जास्त. त्यांच्या जुन्या वह्यांपैकी पुष्कळशा लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात ‘आरजी ४’ या मालिकेत आहेत. सरकारी जन्मनोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, तेव्हा १८२१ साठी तिच्यात वेळ घालवू नका. कबर आपल्याकडची असेल तर दफनाची नोंदही पाहा : मुंबई इलाख्यातल्या दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ खाली मिळतात. कबरीवरचे वय त्या नोंदीशी ताडून घ्या.

आणखी एक खाचखळगा आहे. ज्या जागेसाठी गरीब-कर (गरिबांना पोसण्यासाठीचा कर) वेगळा आकारता येतो ती जागा म्हणजे पॅरिश, अशी व्याख्या १८६६ च्या कायद्याने केली. त्यामुळे उत्तरेतल्या टाऊनशिप एका फटक्यात मुलकी पॅरिश झाल्या आणि चर्चचा पॅरिश निराळा उरला. १८२१ चा व्हॉली आणि १८८१ च्या शिरगणतीतला व्हॉली यांची शीव एक नाही. कागद हातात आला की आधी त्याचे साल पाहावे, नाव नंतर.

प्रश्न : ससेक्समधल्या साउथ डाउन्सच्या पायथ्याचे पॅरिश नकाशात पट्टीसारखे लांब आणि अरुंद का दिसतात?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : पाण्यामुळे. डाउन्सच्या टेकड्या खडूच्या दगडाच्या आहेत, त्यांत पाऊस मुरून जातो आणि माथ्यावर ओढा टिकत नाही. खडूखाली चिकणमातीचा थर लागतो तिथे, म्हणजे उतारापाशी, ते पाणी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. गावे या झऱ्यांच्या ओळीवर वसली. प्लम्प्टन आणि वेस्टमेस्टन ही त्याची चांगली उदाहरणे.

पोटापाण्याला मात्र तिन्ही प्रकारची जमीन लागे : माथ्यावर मेंढ्यांना चराई, पायथ्याला नांगरट, खालच्या चिकणमातीत लाकूडफाटा आणि कुरण. शीव आडवी आखली असती तर एकाला नुसता माळ आणि दुसऱ्याला नुसता चिखल आला असता. म्हणून ती उभी आखली गेली. मेंढ्या दिवसा वर चरत आणि रात्री पिकाच्या रानात बसवल्या जात. आपल्याकडे शेतात मेंढरे बसवतात ते खतासाठीच. तिथेही खडूवरच्या हलक्या जमिनीचा कस याच खतावर टिकून होता.

प्रश्न : दशमांश-नकाशातल्या तक्त्यात क्षेत्रफळ ‘३-२-१७’ असे लिहिलेले असते. ते कसे वाचायचे? आणि काही गावांचा नकाशाच का मिळत नाही?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ते एकर, रूड आणि पर्च आहेत. ४ रूडचा एकर आणि ४० पर्चचा रूड. आपल्याला हे सोपे जाते, कारण एकराचे गुंठे ४० : एक रूड म्हणजे १० गुंठे, एक पर्च म्हणजे पाव गुंठा. तेव्हा ३-२-१७ म्हणजे ३ एकर २४ गुंठे आणि वर पाव गुंठा. हा मेळ योगायोगाचा नाही. इंग्रजी मोजणीची साखळी ६६ फुटांची, तर आपला गुंठा ३३ फूट चौरसाचा, म्हणजे अर्ध्या साखळीचा.

दशमांश म्हणजे चर्चला द्यायचा शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा. १८३६ च्या कायद्याने मालाच्या रूपातला हा दशमांश रोख आकारात बदलला. त्यासाठी प्रत्येक तुकड्याला क्रमांक देऊन मालक, कसणारा, शेताचे नाव, पीक की कुरण आणि आकार हे सगळे लिहिले गेले. सातबारा वाचणाऱ्याला हा तक्ता परका वाटणार नाही. क्यूमध्ये तक्ते ‘आयआर २९’ आणि नकाशे ‘आयआर ३०’ या मालिकांत आहेत. तक्त्याविना नकाशा म्हणजे नुसते आकडे, तेव्हा दोन्ही मागवा. मिडलंड्समधल्या अनेक गावांत सामाईक रानांची वाटणी करतानाच दशमांशाच्या बदल्यात पाद्र्याला जमीन देऊन टाकली होती, म्हणून तिथे नकाशा निघालाच नाही. त्या गावांसाठी वाटणीचा निवाडा आणि त्याचा नकाशा काउंटीच्या दप्तरखान्यात शोधा.

प्रश्न : ऐंशी मतदारांच्या पॅरिशला पंचायत नसते म्हणतात. मग कारभार कोण पाहतो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सगळे मतदार मिळून. १८९४ च्या कायद्याने गावचा मुलकी कारभार चर्चच्या वेस्ट्री सभेकडून काढून घेतला. ३०० किंवा त्याहून अधिक वस्तीला निवडलेली कौन्सिल मिळाली, लहान गावांना ‘पॅरिश मीटिंग’. आपली ग्रामसभा पंचायतीच्या जोडीने चालते, इथे सभा हीच संस्था. कौन्सिल नसलेल्या पॅरिशमध्ये ती वर्षातून किमान दोनदा भरते आणि संध्याकाळी सहाच्या आत सुरू करता येत नाही. अध्यक्ष किंवा कोणतेही सहा मतदार ती बोलावू शकतात. सात दिवस आधी गावात ठळक जागी नोटीस लावावी लागते. विषय कौन्सिल स्थापन करण्याचा असेल तर ही मुदत चौदा दिवसांची.