अंगणातील हौदात गोल्डफिश तीन वर्षे आहेत, तरी पिल्ले का होत नाहीत?

आपण लिहिले आहे की धुळ्यात घरामागे सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि अडीच फूट खोल असा सिमेंटचा हौद आहे, त्यात आठ गोल्डफिश तीन वर्षांपासून उत्तम वाढत आहेत, डास होऊ नयेत म्हणून काही गप्पी मासेही सोडलेले आहेत, आणि आजवर एकही पिल्लू दिसलेले नाही. मी भुसावळला राहतो. माझा हौदही जवळपास एवढाच, म्हणजे सुमारे १७०० लिटरचा आहे, आणि पहिली दोन वर्षे माझीही हीच तक्रार होती.

माझा अंदाज असा आहे की आपले मासे अंडी घालत आहेत, परंतु आपली नजर जाण्याआधीच ती फस्त होत आहेत. गोल्डफिश अंड्यांची राखण करीत नाही. मादी अंडी सोडत पुढे जाते आणि मागचे मासे, कित्येकदा तीच मादी वळून, ती टिपत राहतात. त्यातून जी वाचतात ती आणि त्यांतून निघालेली पिल्ले गप्पींच्या तोंडी जातात. डासांसाठी गप्पी चांगलेच आहेत, पण मोठे गोल्डफिश स्वतःच डासांच्या अळ्या आवडीने खातात, त्यामुळे त्या हौदात गप्पींची खरे तर गरज नव्हती.

तरीही दोन गोष्टी आधी तपासाव्यात. पहिली म्हणजे ते मासे गोल्डफिशच आहेत ना. आपल्याकडे दुकानात कोईची लहान पिल्लेही गोल्डफिश म्हणून दिली जातात. कोईला तोंडाच्या कडांना बारीक मिशा असतात, गोल्डफिशला त्या मुळीच नसतात. दुसरी गोष्ट, त्यांत नर आणि मादी दोन्ही आहेत का. एरवी ते ओळखणे कठीण असते, पण विणीच्या दिवसांत नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीकडच्या परांच्या पुढच्या काठावर रव्याएवढे पांढरे दाणे उठतात. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा रोग समजून दोन धडधाकट नरांना बादलीत घालून आठवडाभर मिठाच्या पाण्याचे उपचार केले, आणि विणीचे नेमके दिवस वाया घालवले. रोगाचे ठिपके अंगभर आणि शेपटीवरही विखुरलेले असतात. नराचे दाणे कल्ला आणि पर यांपुरतेच, ओळीने असतात, एवढा फरक लक्षात ठेवावा. मादी वरून पाहिली असता पोटाला फुगीर आणि किंचित एका बाजूला अधिक भरलेली दिसते.

आता वेळेविषयी, कारण खानदेशात खरी अडचण तिथेच आहे. गोल्डफिश हा मुळात चीनमधील थंड-समशीतोष्ण पाण्यातला मासा. काही आठवडे पाणी गार राहिले, नंतर ते हळूहळू तापू लागले आणि दिवसही मोठा होऊ लागला की तो विणीला येतो. साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस हे त्याचे सोयीचे तापमान. आपल्याकडे पौषातल्या थंडीनंतर असे पाणी महाशिवरात्रीच्या आगेमागे मिळते आणि होळी उलटली की ते हातचे जाते. पुस्तकांत ‘उन्हाळ्यात प्रजनन’ असे वाचून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, थांबलेला माणूस फसतो, कारण तोवर बाहेर ४२-४३ अंश झालेले असतात आणि मासे केवळ जीव धरून असतात. म्हणून संक्रांतीपासूनच नर-माद्यांना आठवड्यातून तीन-चार वेळा गांडूळ किंवा डासांच्या अळ्या असे जिवंत खाद्य द्यावे. गप्पी त्याआधीच जाळीने काढून दुसऱ्या टाकीत ठेवावेत.

अंडी चिकट असतात आणि जिथे पडतात तिथेच धरतात. त्यामुळे त्यांना चिकटायला आपण देऊ ती वस्तू असली पाहिजे. मी नायलॉनच्या दोरीचे हातभर तुकडे उसवून, एका टोकाला गाठ मारून, झाडणीसारखे झुबके करतो आणि ते उकळत्या पाण्यातून काढून हौदाच्या कडेला उथळ बाजूस लटकवतो. जलपर्णीची मुळे याहून सरस, फक्त ती हौदाबाहेर पसरू देऊ नये. मग रोज पहाटे पाहत राहावे. ज्या दिवशी काम होते त्या दिवशी उजाडल्यापासूनच खळबळ असते: दोन-तीन नर एकाच मादीच्या पोटाला ढुशा देत तिला झुबक्यांत रेटतात, पाण्यावर फेस धरतो आणि हौदाला ओल्या मासळीचा वास येतो. न्याहारीच्या वेळेपर्यंत सगळे आटोपते. झुबका उचलून उन्हाकडे धरला तर मोहरीहून लहान, पिवळसर पारदर्शक मणी दिसतात. एका वेळी ते शेकड्यांनी, मोठ्या मादीचे हजारांनीही असू शकतात.

झुबके त्याच सकाळी वेगळ्या टबात हलवावेत, आणि टबातले पाणी हौदातलेच असावे. बहुतेक जण संध्याकाळपर्यंत थांबतात आणि तिथेच सगळे गमावतात. नळाचे पाणी घालायचे असेल तर ते उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवून क्लोरीन उडवून द्यावे. पाणी २४ अंशांच्या आसपास असेल तर तीन दिवसांत, २० अंशांना पाच-एक दिवसांत अंडी फुटतात. जी दुसऱ्या दिवशी दुधासारखी पांढरी होतात ती वांझ असतात. त्यांवर बुरशी धरते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते, म्हणून ती चिमट्याने काढून टाकावीत.

पिल्ले पहिले दोन दिवस टबाच्या कडांना टाचणीच्या टोकाएवढी लटकून राहतात आणि पोटाच्या पिशवीवर जगतात. ती आडवी पोहू लागली की मगच खाद्य, आणि ते डोळ्यांना जेमतेम दिसेल इतके बारीक. केळीच्या प्रदेशात राहून मला याचा उपाय फुकट मिळाला: केळीच्या सालीचा तुकडा बाटलीभर जुन्या पाण्यात आठवडाभर उजेडात ठेवला की पाणी आधी गढूळ होते, वास मारते, आणि पुन्हा निवळू लागते तेव्हा त्यात सूक्ष्मजीवांचा ढग तयार झालेला असतो. तो कपाने टबात सोडावा. उन्हात हिरवे झालेले पाणीही चालते. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून देण्याची पद्धत आहे खरी, पण चिमूटभर जास्त झाला तरी रात्रीत पाणी नासते आणि टब मेलेला मिळतो. मी तो आता देत नाही. दहा-बारा दिवसांनी डॅफ्निया (पाण्यातले पिसवेसारखे बारीक जीव) आणि नंतर कुस्करलेले कोरडे खाद्य सुरू करता येते. टबावर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधावे, कारण चतुर पाण्यात अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या पिल्ले एकेक करून खातात. खंड्या आणि बगळा यांच्यासाठी मोठ्या हौदावरही जाळी हवीच.

एप्रिल ते जूनमध्ये पिल्ले वाचवणे म्हणजे सावली आणि हवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. हिरवे शेवाळ रात्री तोही वापरते, त्यामुळे मासे पहाटे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की धोका ओळखावा. हौदावर रोपवाटिकेत वापरतात ते हिरवे शेडनेट घालावे आणि संध्याकाळी बोअरचे पाणी उंचावरून बारीक धारेने सोडावे. वीज जाते तेव्हा हवेचा पंप निरुपयोगी असतो, पण ती धार आपण बादलीनेही पाडू शकतो.

एक गोष्ट मात्र मी स्वतःच्या चुकीने शिकलो. कपाशीवर सायपरमेथ्रिन फवारून आल्यावर पंप अंगणातल्या मोरीत धुतला, शिंतोडे पिल्लांच्या टबात गेले, आणि संध्याकाळपर्यंत दोन महिन्यांची साठ-सत्तर पिल्ले तळाशी पडली. ही औषधे माणसाला त्यामानाने सौम्य असली तरी माशांना फार घातक असतात. घराला शेत लागून असेल तर फवारणीच्या दिवशी टब झाकून ठेवावा.

पिल्ले तपकिरी, शेतातल्या चिखलासारखी दिसतील. त्यामुळे ती गोल्डफिश नाहीत असे समजून टाकून देऊ नयेत. रंग दोन-तीन महिन्यांनंतर पोटाकडून वर चढू लागतो. आपल्या हौदात दुहेरी शेपटीचे आणि साधे असे मिश्र मासे असतील तर बहुतेक पिल्ले साध्या शेपटीची निघतील, आणि काही कधीच रंग घेणार नाहीत. जास्तीची पिल्ले ओळखीच्यांना द्यावीत, पांझरा किंवा तापीत सोडू नयेत. माझ्या हौदातली तीन दोन वर्षांची झाली तरी अजून तपकिरीच आहेत, आणि खंड्याच्या तावडीतून आतापर्यंत तीच सगळ्यांत जास्त सुटलेली आहेत.