पोर्श 901 ची 911 का झाली? नुसत्या आकड्यावर कोणाची मालकी असू शकते का?

आकड्यावर मालकी कोणाचीच नसते. हक्क असतो तो विशिष्ट देशात, विशिष्ट प्रकारच्या मालावर ती खूण वापरण्याचा. 1963 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात पोर्शने ही गाडी 901 या नावाने मांडली, तेव्हा 1929 च्या 201 पासून मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक गाड्यांना देत आलेल्या प्यूजोने फ्रान्समधील आपल्या हक्कावर बोट ठेवून हरकत घेतली. हा हक्क फ्रान्सपुरताच असल्यामुळे इतरत्र 901 हे नाव ठेवता आले असते. पण एकाच गाडीला दोन नावे म्हणजे बिल्ले, माहितीपत्रके, जाहिराती असे सारेच दुहेरी. त्यापेक्षा 1964 मध्ये शून्याच्या जागी एक घालणे पोर्शला सोयीचे वाटले. तोवर 901 नावाच्या 82 गाड्या तयार झाल्या होत्या, आणि गंमत अशी की, सुट्या भागांच्या क्रमांकांच्या सुरुवातीचे 901 पुढेही कायम राहिले.

न्यायालयात कोण जिंकले असते, हा प्रश्न अशा वादांत बहुधा अनुत्तरितच राहतो, कारण गाडी बाजारात आणण्याची तारीख निकालाची वाट पाहत नाही. 2011 मध्ये फेरारीने आपल्या फॉर्म्युला वन गाडीला F150 म्हटले म्हणून फोर्डने अमेरिकेत दावा लावला. F-150 हा पिकअप ट्रक घ्यायला निघालेला माणूस चुकून शर्यतीची गाडी घेऊन येईल, असे मला तरी वाटत नाही. तरीही फेरारीने नाव बदलले. 2024 मध्ये महिंद्राच्या 'बीई 6ई'वर तर 6E हा विमानसेवेचा संकेत वापरणाऱ्या इंडिगोने आक्षेप घेतला. वाहने व्यापारचिन्ह नोंदणीच्या 12 व्या वर्गात आणि वाहतूकसेवा 39 व्या वर्गात मोडत असल्याने महिंद्राकडे सांगण्यासारखी बाजू होती, पण कंपनीने दावा लढवत ठेवूनही गाडी 'बीई 6' या नावानेच विकायचे ठरवले.

मला सर्वांत चमत्कारिक वाटते ते फोर्डचेच उदाहरण. 1966 ते 1969 अशी सलग चार वर्षे ल माँची शर्यत जिंकणाऱ्या आणि जेमतेम 40 इंच उंचीवरून नाव मिळालेल्या आपल्या GT40 चा नवा अवतार फोर्डने आणला, तेव्हा त्या नावाचा हक्क जुन्या गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीकडे होता, आणि सौदा न जुळल्यामुळे गाडी नुसती 'फोर्ड GT' म्हणून विकावी लागली.