पसायला 'ग्रेस' म्हणायचं का?

प्रश्न: माझे बाबा गावच्या देवळात वर्षानुवर्षं ज्ञानेश्वरीवर निरूपण करायचे, त्यातूनच त्यांनी 'पसाय' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. आता बाबा नाहीत. अमेरिकेतल्या भाचरांना मराठी धड वाचता येत नाही म्हणून मी इंग्रजी अनुवाद केलाय, पण टायटलपाशी अडकलेय. प्रकाशक म्हणतात 'डिव्हाइन ग्रेस' ठेवा, खपेल. मला ते बाबांचं वाटतच नाही. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, तुम्हाला खटकतंय ते बरोबरच खटकतंय, प्रकाशकांना लगेच हो म्हणू नका. पसाय म्हणजे प्रसादच, बोलून बोलून झिजलेला शब्द. पण इंग्रजीत नुसतं ग्रेस म्हटलं की सेंट पॉल, ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती आचार्यांपासून चालत आलेली कल्पना डोळ्यासमोर येते, म्हणजे माणसाची लायकी नसताना देव आपणहून देतो ते. फार मोठी कल्पना आहे ती, पण बाबांनी जिच्यावरून नाव घेतलं ती ज्ञानेश्वरीतली ओवी समोर घेऊन बघा ना, 'येणें वाग्यज्ञें तोषावें, तोषोनि मज द्यावें, पसायदान हें'. आधी जवळपास नऊ हजार ओव्यांचा वाग्यज्ञ, म्हणजे शब्दांचा यज्ञ, झालाय, मग देवानं संतोष पावावं, मग द्यावं, आणि माऊली सरळ मागतायत! 'मज द्यावें' म्हणतात आणि पुढच्याच ओवीत मागतात काय, तर खळांची व्यंकटी सांडो, म्हणजे दुष्टांचा वाकडेपणा जावो. स्वतःसाठी काहीच नाही. हे मागणं टायटलमधून गेलं तर पुस्तकाचा जीवच गेला.

टायटलनं किती फरक पडतो बघा. बॉनहॉफर या जर्मन धर्मचिंतकाचं 1937 चं 'नाखफोल्गे', म्हणजे साधं 'मागे चालणं', ते 1948 मध्ये इंग्रजीत 'द कॉस्ट ऑफ डिसायपलशिप' म्हणून आलं. ही 'कॉस्ट' मूळ नावात नाहीच, पण पहिलंच प्रकरण महागड्या कृपेवर, म्हणजे जिची किंमत मोजावी लागते त्या कृपेवर आहे, त्यामुळे ती बाहेरून आणून चिकटवली असंही म्हणता येत नाही. तरी 2001 च्या नव्या अनुवादात नुसतं 'डिसायपलशिप' ठेवलं, आणि मला तेच जास्त पटतं, कारण किंमत किती ते वाचकाला आत गेल्यावर कळू दे की. उलट फॉयरबाख हा जर्मन तत्त्वज्ञ आणि हारनाक हा जर्मन धर्मअभ्यासक, दोघांच्या पुस्तकांचं जर्मन नाव अगदी एकच, पण इंग्रजीत एक झालं 'द एसेन्स ऑफ ख्रिश्चॅनिटी' आणि दुसरं 'व्हॉट इज ख्रिश्चॅनिटी?'. हारनाकची मुळात विद्यार्थ्यांपुढची व्याख्यानं होती, त्यांना प्रश्नच शोभतो. म्हणजे नुसता डिक्शनरीतला शब्द उचलून भागत नाही, आत कोण कोणाशी कसं बोलतंय ते बघावं लागतं.

मी असतो तर मोठ्या अक्षरात 'पसाय' ठेवलं असतं आणि खाली 'अ गिफ्ट आस्क्ड फॉर ऑल'. परत मराठीत आणून बघा, 'सगळ्यांसाठी मागितलेलं दान', हे बाबांच्या तोंडी बसतं, आणि 'दैवी कृपा' तर कुठल्याही पुस्तकाला चालेल. उपशीर्षकात ज्ञानेश्वरांचं नाव मात्र घाला म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. रोमन स्पेलिंग ठरवताना दोन-तीन प्रकारे कागदावर लिहून एखाद्या भाच्याला मोठ्यानं वाचायला सांगा, ज्यात 'पसाय' ऐकू येईल ते घ्या. आणि आतल्या पानावर मूळ मराठी नाव देवनागरीत, बाबांचं नाव आणि पहिल्या आवृत्तीचं साल छापायला विसरू नका.