आरमध्ये नकाशे करताना: पुणं थेट आर्क्टिकला का जातंय?

आर म्हणजे डेटाचं विश्लेषण करायची प्रोग्रामिंग भाषा, तिच्यात नकाशे करण्याबद्दल गेल्या काही दिवसांत आलेले प्रश्न एकत्र घेतोय, बहुतेक सगळे नवशिक्यांचे आहेत.

प्रश्न: आर शिकू की क्यूजीआयएस? आणि यूट्यूबवर बघून आरजीडाल इन्स्टॉल करतेय तर होतच नाही.

नुसता नकाशा बघायचा, चार पॉइंट हलवायचे तर क्यूजीआयएस (माउसने नकाशे करायचं सॉफ्टवेअर) बेस्ट. पण पुढे रिग्रेशन वगैरे आकडेवारीचं विश्लेषण करायचं असेल, तेच काम दर महिन्याला नव्या डेटावर करायचं असेल तर सरळ आर घ्या. आणि आरजीडाल होणारच नाही हो, ते, आरजिओस आणि मॅपटूल्स ही आरला जोडायची तिन्ही पॅकेजेस ऑक्टोबर 2023 मध्ये क्रॅनवरून (जिथून आरची पॅकेजेस मिळतात ती साइट) काढली. आता पॉइंट आणि पॉलिगॉनसाठी (जिल्ह्यासारख्या बंद हद्दी) एसएफ, सॅटेलाइट इमेज वगैरे रास्टरसाठी (छोट्या चौकोनांचा डेटा) टेरा, सुरुवातीला एवढं पुरे. व्हिडिओ 2023 च्या आधीचा असेल तर आधी कोणती पॅकेजेस लोड करतायत ते बघा, मगच वेळ घालवा.

प्रश्न: एक्सेलमधल्या पुण्याच्या शाळा मॅपवर टाकल्या तर सगळ्या समुद्रात, तेही नॉर्वेच्या वर!

लॅट-लाँग उलटं दिलंय. आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो, पण एसएफला आधी एक्स लागतो म्हणजे रेखांश, मग अक्षांश. पुणं साधारण 18.5 उत्तर, 73.9 पूर्व, उलटं केलं की 73.9 उत्तर, 18.5 पूर्व, म्हणजे आर्क्टिकमधल्या बेअर आयलंडच्या आसपास. कॉलमचा क्रम बदला, झालं काम.

प्रश्न: आरोग्य केंद्रांभोवती 5 किमीचा बफर (भोवतालचं वर्तुळ) हवाय म्हणून 5 टाकलं. माझ्याकडे काहीच दिसत नाही आणि मित्राकडे त्याच कोडने अख्खा महाराष्ट्र झाकला जातोय.

हा प्रश्न मला फार आवडला, कारण दोघांचंही सॉफ्टवेअर बरोबरच आहे. तुमचा डेटा लॅट-लाँगमध्ये आहे. एसएफच्या 1.0 पासून असा डेटा पृथ्वी गोल धरून मोजला जातो आणि अंतर मीटरमध्ये घेतलं जातं, म्हणजे तुम्ही 5 मीटरचा बफर मारलाय, तो जिल्ह्याच्या नकाशात दिसणार कसा. मित्राने कुठूनतरी कॉपी करून एस2 (गोल पृथ्वीवर मोजणारा भाग) बंद केलं असणार, त्यामुळे त्याचे 5 म्हणजे 5 अंश, जवळजवळ 550 किमी! त्याला पिवळी-लाल वॉर्निंग आली असेल, पण ती वाचतो कोण.

डेटा यूटीएममध्ये (पृथ्वीचे झोन पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत) आणा आणि 5000 लिहा. आता गंमत अशी की महाराष्ट्र दोन झोनमध्ये येतो, 78 पूर्वेच्या अलीकडे पुणे, नाशिक, अकोला वगैरे 43 मध्ये (आरमध्ये द्यायचा कोड ईपीएसजी 32643) आणि पलीकडे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली 44 मध्ये (32644). यावर लोक उगाच घाबरतात, सगळं राज्य 43 मध्ये घेतलं तरी गडचिरोलीच्या पूर्व टोकाला 10 किमीमागे 40 मीटरच्या आसपास फरक पडतो, बफरसाठी चालून जातं. खरा घोळ वेगळाच असतो, लोक ट्रान्सफॉर्म करायच्या (आकडेच नव्या पद्धतीत बदलायच्या) ऐवजी नुसतं सीआरएसचं (आकडे कोणत्या पद्धतीत आहेत त्याचं) लेबल बदलतात, मग आकडे अंशांचेच राहतात आणि आरला वाटतं ते मीटर आहेत. ते करू नका.

प्रश्न: 2011 च्या जनगणनेचा डेटा जिल्ह्यांच्या शेपफाइलला (हद्दींची फाइल) जोडला तर सात-आठ जिल्हे पांढरे राहतात.

नावावरून जोडलंय ना? जनगणनेत रायगड 'रायगढ' आहे, बीडचं आणि बुलढाण्याचं स्पेलिंगही आपल्या सवयीचं नाही, शिवाय मधल्या काळात औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगरची नावं बदलली. जिल्ह्याच्या जनगणना कोडवरून जोडा. पालघर मात्र कोडनेही भरणार नाही, तो 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, 2011 ला जिल्हे 35 च होते. वाईट म्हणजे ठाणे रंगलेलं दिसतं पण चुकीचं, जुन्या मोठ्या ठाण्याची लोकसंख्या नव्या छोट्या ठाण्यावर बसते आणि घनता भलतीच वाढते. त्यामुळे 2011 चीच हद्द वापरा, नाहीतर तालुक्यांवरून बेरीज करून नवे जिल्हे बनवा.

प्रश्न: साक्षरतेचा मोरान्स आय 0.45 आला, पी 0.001. रिपोर्टमध्ये काय लिहू?

मोरान्स आय शेजारच्या जागांचे आकडे किती सारखे आहेत ते मोजतो, आणि पी इतका लहान म्हणजे हे नुसत्या योगायोगाने होणं अवघड. म्हणजे साक्षरतेत शेजारचे जिल्हे एकमेकांसारखे आहेत, एवढंच. का, ते यातून कळत नाही. तुलना शून्याशी नको, शेजाऱ्यांचा काहीच संबंध नसता तर 35 जिल्ह्यांना अपेक्षित किंमत उणे 1 भागिले 34 म्हणजे उणे 0.029 असते. आणि लिहिण्याआधी शेजाऱ्यांची यादी डोळ्याखालून घाला. एसपीडेप (आरमधलं यासाठीचं पॅकेज) हद्द चिकटली तरच शेजारी धरतं, दोन पॉलिगॉनमध्ये बारीक फट असेल तर खरा शेजारी गळतो. मुंबई शहराला तर जमिनीवर उपनगर हा एकच शेजारी, म्हणून ओळीनुसार वजनं दिली (प्रत्येक जिल्ह्याच्या सगळ्या शेजाऱ्यांची वजनं मिळून 1) की सगळं वजन त्या एकट्यावर. शेजारी ठरवायची पद्धत बदलून परत चालवा, 0.45 चं 0.2 झालं तर तेही रिपोर्टमध्ये लिहा.