शाखा सोडायला लावू नका

तुमची मुलगी इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गुण 61 टक्के. ‘पुढचा काळ सायबर सिक्युरिटीचा’ म्हणून तिनं पदवी सोडून झीरो ट्रस्टचा सहा महिन्यांचा कोर्स करावा, असं तुम्ही लिहिता. गुणांची मला काळजी नाही. पण तिला स्वतःला काय हवंय, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. तिला विचारलंत का? जाहिरात वाचून तिची दोन वर्षांची मेहनत मोडीत काढणं मला अजिबात पटत नाही.

शिवाय झीरो ट्रस्ट म्हणजे बसवलं की काम झालं असं सॉफ्टवेअर नव्हे. आतल्या नेटवर्कवर आहे म्हणून कुणालाही आपलं मानायचं नाही, दर वेळी ओळख तपासायची आणि कामापुरताच प्रवेश द्यायचा, अशी ती मांडणी आहे. 2015 मध्ये युक्रेनच्या वीज कंपन्यांत हल्लेखोर चोरलेले पासवर्ड वापरून व्हीपीएनमधून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायच्या जोडणीतून, शिरले. तिथे दुहेरी पडताळणी नव्हती. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. ऑफिसात हे बदल तुलनेनं सोपे. प्लांटमधला पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक, मात्र पंधरा-वीस वर्षं चालतो, आणि त्याच्याशी बोलायच्या मॉडबस या भाषेच्या 1979 च्या मूळ रूपात ओळख तपासायची सोयच नाही. सबस्टेशनमधला ट्रिपचा, म्हणजे बिघाड होताच वीज तोडायचा, संदेश काही मिलिसेकंदांत पोचावा लागतो. मध्ये तपासणी घुसवली तर ब्रेकर उशिरा उघडेल. म्हणून पहारा बसतो तो बाहेरून येणाऱ्या वाटेवर: जंप सर्व्हर (बाहेरून येणाऱ्याला ज्यातूनच जावं लागतं असा मधला संगणक), दुहेरी पडताळणी, ठेकेदाराला ठरावीक वेळेपुरताच प्रवेश. कुठली वाट अडवली की प्लांटच ठप्प होईल, हे लूप (मोजमाप बघून आपोआप नियंत्रण करणारी साखळी) आणि इंटरलॉक (धोका असेल तर यंत्र चालू न देणारी अट) समजणाऱ्यालाच सांगता येतं. नेमकं तेच ती आज शिकते आहे!

सिस्कोच्या सीसीएनए या सर्टिफिकेटच्या पातळीचं नेटवर्किंग पदवीबरोबर होतं. बाकीची सर्टिफिकेटं नोकरी लागल्यावर.

तिला या विषयाची ओढ आहे का, ते सुट्टीत कळेल. लॅपटॉपवर ओपनपीएलसी हा सॉफ्टवेअरमधला पीएलसी चालवावा, दुसऱ्या मशीनवरून मॉडबसनं एक कॉइल, म्हणजे पीएलसीचं एक आउटपुट, चालू-बंद करावी आणि नेटवर्कवरचे संदेश दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये पोर्ट 502, म्हणजे मॉडबसची वाट, पाहावा. कुणीही ‘तू कोण’ विचारत नाही, हे तिला दिसेल. मग मध्ये फायरवॉल टाकून एकाच आयपीला वाट द्यावी. चालू प्लांटवर हे कधीही करू नये. साध्या स्कॅननंही जुना पीएलसी अडकू शकतो. आणि यात तिचं मन रमलं नाही, तर तिला प्रोसेस कंट्रोलमध्येच राहू द्या.