व्हिएतनाममध्ये तीन महिने बॅकपॅकिंग करायचे असल्यास पहिले काही दिवस कसे घालवावेत?

हनोईत उतरल्याबरोबर सापाच्या डोंगरांकडे किंवा हा लाँगच्या उपसागराकडे धाव न घेता होआन किएम तळ्याजवळच्या जुन्या वस्तीत चार-पाच दिवस मुक्काम करावा, असे मी आग्रहाने सांगेन. ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळत असल्याने घाईचे कारणच नाही. या दिवसांत नोटा नीट ओळखायला शिकावे, कारण 20,000 आणि 5,00,000 डाँगच्या दोन्ही नोटा निळसर असून संध्याकाळच्या अंधूक उजेडात पदपथावर बसून खाल्लेल्या नूडल-सूपचे पैसे देताना हमखास गल्लत होते. दुचाकींच्या लोंढ्यातून रस्ता ओलांडताना मध्येच न थांबता, न पळता, एकाच संथ गतीने चालत राहावे, म्हणजे चालक स्वतःच वळसा घालून जातात. पाठीवरचे ओझेही येथेच कमी करावे. डिसेंबर-जानेवारीत मात्र उत्तरेकडे चांगलीच थंडी असते, तेव्हा स्वेटर ठेवावाच.